ट्रॉलीतले दोन किलोमीटर

प्रीती अण्णासो कांबळे ही आमच्या शाळेतली सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात जास्त मोजणारी मुलगी. नववीत आहे. तिची शंभर पावलं म्हणजे बासष्ट मीटर. हा शोध लागल्यापासून तिने गावात मोजायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. शाळेच्या मैदानावर चारशे मीटरची धावपट्टी आहे, निदान तसा फलक तरी आहे. तिने ती पावलांनी मोजली आणि तीनशे शहात्तरच भरते म्हणून खेळाच्या सरांना जाऊन सांगितलं. सर पंधरा दिवस तिच्याशी बोलत नव्हते. मग कुणीतरी टेप लावून बघितलं. तीनशे चौऱ्याहत्तर निघाली.

मी क्रांती. याच शाळेत मराठी शिकवते आणि बारा वर्षं गाईड पथकाची कॅप्टन आहे. डोकं माझं तापट, तोंड त्याहून तिखट. पोरी मला टरकून असतात. प्रीती टरकत नाही. ती नुसती बघत राहते, आणि ते जास्त वाईट.

कागल तालुक्यातली आमची शाळा साधीच. राज्य पुरस्काराचा बॅज आमच्या एकाही मुलीच्या बाहीवर कधी लागला नव्हता. यंदा प्रीतीचा सहा जणींचा संघ सगळ्या चाचण्या पास होत होत शेवटच्या अटीपर्यंत आला होता. किमान दहा किलोमीटर पायी हाईक, वाटेचा नकाशा, वेळेची नोंदवही आणि मुक्कामी पोचून भांड्यांशिवाय केलेला स्वयंपाक. फॉर्म शुक्रवारी जायचे होते. दहावीच्या मुलींना हेडसर स्काऊट-गाईडमध्ये ठेवत नाहीत. म्हणजे जे काही व्हायचं ते या फेब्रुवारीतल्या रविवारीच.

हाईकची आखणी प्रीतीने केली. तिचे वडील टेम्पोतून गावोगावचं दूध गोळा करून डेअरीला घालतात, त्यामुळे कुठली वाट कुठे फुटते हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत. शाळेपासून कॅनॉलच्या कडेने टेकडीवरच्या देवळापर्यंत अकरा किलोमीटर. तिचा तक्ता मी तपासला, तर चार ठिकाणी दहा-दहा मिनिटं उगाच जास्त धरलेली दिसली.

"हे काय गं? विश्रांती तर वेगळी धरली आहेस."

"च्या, मॅडम."

"चहा?"

"वाटेत वळकीची चार घरं हायत. न्हाय म्हणता येतंय व्हय? धा-धा मिन्टं धरल्यात."

मी हसले, पण सही केली. कोल्हापूरकडच्या माणसाने केलेली आखणी अशीच असणार. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात कुणाला ही अक्कल सुचली असती, असं मला वाटत नाही.

रविवारी सकाळी सातला निघालो. प्रीतीच्या डाव्या खिशात चिंचोके होते. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. चारही घरांनी आम्हाला अडवलं, चारही ठिकाणी चहा झाला आणि तक्ता मिनिटाने चुकला नाही. मला एवढं कौतुक वाटलं की मी तसं बोलूनही दाखवलं. एरवी माझ्या तोंडून कौतुक निघायला दिवाळी लागते.

नऊ किलोमीटर झाले. कॅनॉलच्या पुलापाशी मागून ट्रॅक्टर आला. कारखान्याला ऊस टाकून रिकामी ट्रॉली घेऊन निघालेले माझे सख्खे मामा, हंबीरराव.

"आगं क्रांते! पोरींस्नी उन्हातनं काय चालवतीयास? चढा समद्या वर."

"मामा, परीक्षा हाय त्यांची. चालायचंच हाय."

"परीक्षा साळंत असती. रस्त्यावर कसली परीक्षा? मामाला न्हाय म्हणतीस? ऱ्हाऊ दे, मग माझ्या दारात येऊ नगंस."

मामा असं म्हणतात तेव्हा ते खरंच म्हणतात. एका लग्नात जेवणाला नको म्हटलं म्हणून त्यांनी एका पाहुण्याशी सहा वर्षं अबोला धरला होता.

"मॅडम," प्रीती हळूच म्हणाली, "चालत जायाचं ठरलंय आपलं."

"मोठ्यांचं मन मोडायचं नसतं," मी खेकसले. "बसा गपगुमान. मला नको शिकवू."

त्या बसल्या. पोरीच त्या, ट्रॉलीत बसल्यावर गाणी सुरू झाली. प्रीती कोपऱ्यात खिशावर हात ठेवून बसली होती. दोन किलोमीटर गेले आणि एकही चिंचोका इकडचा तिकडे झाला नाही.

टेकडीच्या पायथ्याला मामांनी उतरवलं. अकरासुद्धा वाजले नव्हते. देवळामागे आंब्याच्या झाडाखाली सॅक टेकवल्या. प्रीती वही घेऊन माझ्यापुढे आली.

"मॅडम, वहीत काय लिव्हू?"

"लिही की, चालत आलो. कोण बघतंय?"

हे मी म्हणाले. बारा वर्षं दर शनिवारी 'गाईड विश्वसनीय असते' हा पहिला नियम पोरींकडून घोकून घेणारी बाई मी. आता लिहिताना हात जड होतो, पण म्हणाले ते म्हणाले.

प्रीतीने वाद घातला नाही. तिने नकाशा माझ्यापुढे धरला. शाळेपासून पुलापर्यंत सगळं रेखलेलं होतं. विहिरी, वडाचं झाड, दूध डेअरी, आडवा ओढा. पुलापासून टेकडीपर्यंत कागद कोरा.

"हितं काय हाय ते मला ठावं न्हाय. ट्रॉलीच्या फळ्या उंच हुत्या. आन् नऊच किलोमीटर भरत्यात, मॅडम."

मग तिने शिट्टी वाजवून संघ गोळा केला. "परत पुलापतोर जाऊन हितवर चालत यायचं, म्हंजे चार किलोमीटर. दीड तास जातोय. साडेबाराला परीक्षक मॅडम येणार, तवा चूल पेटलेली नसंल. नापास हुऊ आपण, कदाचित. न्हाय गेलो तर वही खोटी. जायाचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

चांगल्या वाढलेल्या उन्हाकडे बघत होत्या बिचाऱ्या. स्नेहल ही संघातली सगळ्यात लहान, आठवीतली. तिच्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. तिने बूट काढून फोडाकडे बघितलं, परत बूट घातला आणि हात वर केला. मग बाकीचे हात वर गेले.

"मॅडम, तुम्ही सावलीत बसा," प्रीती म्हणाली.

"गप चल पुढं," मी म्हणाले.

गुरवाला सॅककडे लक्ष ठेवायला सांगून आम्ही निघालो. जाताना कुणी गायलं नाही. पुलाला हात लावून फिरलो आणि चिंचोके पुन्हा सुरू झाले. मी त्या वाटेने शेकडो वेळा गाडीवरून गेले आहे, पण तिथे वीटभट्टी आहे, तिच्यामागे ऊसतोडीवाल्यांची पालं आहेत, एका बांधावर सात नारळ ओळीने आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. प्रीती एकेक खूण कागदावर घेत होती.

वाटेत शालूबाई नावाच्या एका म्हातारीने दारातून हाळी दिली. "आगं पोरींनो, तोंडं सुकल्यात की! या, च्या ठेवते."

मी थांबले. सवयच ती. प्रीतीने जाऊन त्यांचे पाय धरले. "आज न्हाय आजी. उशीर झालाय आमाला. पुढल्या रविवारी येतो आमी सगळ्याजणी, नक्की."

"च्याला न्हाय म्हणत्यात! काय दिवस आलं," शालूबाई बोलल्या, पण पाण्याची कळशी बाहेर आणून प्रत्येकीच्या ओंजळीत ओतली. न दुखवता नाही म्हणता येतं. पंचेचाळीस वर्षांच्या मला जे जमलं नाही ते चौदा वर्षांच्या पोरीने रस्त्यात उभ्या उभ्या करून दाखवलं. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त अभिमान.

टेकडीवर पोचलो तेव्हा बारा चाळीस. जिल्ह्याच्या परीक्षक माने मॅडम घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

"हे काय? चूल नाही, जेवण नाही. मला दुपारी इचलकरंजीत दुसरं पथक तपासायचंय."

प्रीतीने तीन बोटांचा सॅल्यूट केला आणि त्यांनी विचारायच्या आत सगळं सांगितलं. पुलापासून ट्रॉलीत बसलो, तेवढं अंतर परत जाऊन चाललो. "संघनायक मी हाय. मी शिट्टी मारून संघ थांबवायला पायजे हुता. चूक माझी हाय."

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढला की गुरव बाहेर आला. "ती नको म्हणत होती. मी दटावून बसवलं. वर खोटं लिही म्हणूनही मीच सांगितलं. नापास करायचं तर मला करा, मॅडम. या पोरींना नाही."

माने मॅडम कितीतरी वेळ वही चाळत होत्या. शेवटी मोबाइल काढून त्यांनी इचलकरंजीला फोन लावला. "मला उशीर होईल. तुमच्या मुली थांबवून ठेवा." मग खाली मांडी घालून बसल्या. "पेटवा चूल. जेवण बघितल्याशिवाय मी सही करत नाही."

कधी बघितला नव्हता असा स्वयंपाक झाला. निखाऱ्यांत वांगी भाजली, पळसाच्या पानांत कणकेचे पानगे लावले, दगडावर मिरच्या रगडल्या. फोडवाली स्नेहल धुराने डोळे चोळत फुंकर मारत होती. सव्वादोनला पहिला पानगा माने मॅडमच्या हातात पडला. एका बाजूने करपला होता. त्यांनी तो सगळा खाल्ला.

हात धुऊन त्यांनी पेन काढलं. सही करायच्या आधी प्रीतीला विचारलं, "एक सांग. तुझ्या कॅप्टनने तुला खोटं लिहायला सांगितलं. ते तू वहीत लिहिलेलं नाहीस. का?"

मी उगाच चुलीत एक काटकी सारली.

"वहीत किती चाललो ते लिव्हायचं असतंय, मॅडम," प्रीती म्हणाली. "आन् आमच्या मॅडम आमच्यासंगट परत चालल्या की. आख्खं चार किलोमीटर. चपलंचा अंगठा तुटला, तरीबी."

माने मॅडमनी सही केली आणि कॅप्टनच्या सहीसाठी वही माझ्याकडे दिली. बारा वर्षांत अशा कितीतरी नोंदवह्यांवर मी न वाचता सह्या ठोकल्या आहेत. ही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. डोळे भरून आल्यामुळे वेळ लागला. मग खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, शाळेतल्या पोरीसारखं वळणदार.