दाराला कापड कळत नाही

आमच्या शेजाऱ्याइतक्या निष्ठेनं घाबरणारा माणूस अख्ख्या नेपरव्हिलमध्ये झाला नसेल. मूळचा नागपूरचा हा गृहस्थ घाबरायचा फक्त आगगाडीच्या दाराला. दोन हजार सहाच्या सुमाराला आमच्या या गावाहून शिकागोला जाणाऱ्या गाडीला जपानी बनावटीचे नवे दुमजली डबे लागत होते. वर एकेकट्या खुर्च्या आणि मधे मोकळी जागा, म्हणजे कंडक्टरनं खाली उभं राहूनच वरच्यांची तिकिटं तपासायची. मला त्याची मोठी गंमत वाटे. तो मात्र दारांचं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीममध्ये होता, आणि कुणाचंही बोट चेमटलं तर ते आपल्यामुळेच, अशी त्याची खात्री होती.

म्हणून तो खिशात गाजर घेऊन फिरे. दार मिटू लागलं की मधे गाजर धरायचा. दार गाजराला टेकून गुमान उघडलं, की "बोट सेफ" असं पुटपुटत ते खाऊन टाकायचा. घरी हलव्याला गाजर उरेना म्हणून बायको चिडलेली, आणि पुन्हा भाजी दिसली तर उतरवीन, असा कंडक्टरचा दम. मी पोटभर हसायचो. मग एकदा त्यानं बायकोची ओढणी धरून पाहिली. दार मिटलं ते उघडलंच नाही, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत ओढणीचं टोक बाहेर फडफडत राहिलं. तो पांढराफटक पडला. "यार, दाराला कापड कळतच नाही!" त्या दिवशी माझंही हसू पळालं.

त्यानं लगेच रिपोर्ट दिला. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, जाड कोट तर दाराला कळतो, मग इतकं पातळ इथं घालतं कोण? "माझी आई," तो म्हणाला. या काकू महिनाभरात नागपूरहून यायच्या होत्या, आयुष्यभर साडीत वावरलेल्या. कारनं फिरवतो म्हटलं तर फोनवर म्हणाल्या, "कार इथंही आहे. तू केलेलं दार दाखव."

काकूंना घेऊन निघालो त्या सकाळी बर्फ पडत होता. प्लॅटफॉर्मवर त्यानं त्यांच्या पदराला चार सेफ्टी पिना लावल्या, त्यावर कोटाची सगळी बटणं लावली. तरी दार मिटू लागल्यावर त्यानं कोटाखालून डोकावणारं पदराचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरलं. दार मिटलं. पदर आतच होता. काकूंनी दारावरून हात फिरवला. "छान केलंयस रे. आता सोड पदर, लहानपणी धरायचास तसा धरलायस."

पुढच्या वर्षी काकू नागपूरला वारल्या. त्याच वर्षी दारं सुधारली, आता त्यांना ओढणीही कळते. गाजरं सुटली. पण दार मिटताना त्याच्या मुठी अजून आपोआप वळतात. हातात काही नसतं. मी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतो.