बांगड्याचा वास घालवायचे चार उपाय

यंदा विज्ञान प्रदर्शनात निवड झालीच पाहिजे, असं नातीनं ठरवलं होतं. गेल्या वर्षी तिच्या ज्वालामुखीपुढे परीक्षक थांबलेही नाहीत, कारण त्याच रांगेत आणखी ज्वालामुखी फसफसत होते. म्हणून या वेळी ती मैत्रिणीला घेऊन माझ्याकडे विषय मागायला आली.

"बांगडे साफ केल्यावर हाताचा वास कशानं जातो, ते शोधा," मी म्हटलं.

या प्रश्नानं तरुणपणी माझा जीव खाल्लाय. तेव्हा आम्ही जोगेश्वरीला राहायचो आणि मी मरोळच्या एका ऑफिसात टायपिस्ट होते. सकाळी मासे साफ करायचे, वर मोगऱ्याचं अत्तर चोळायचं आणि पर्स हलवत असं निघायचं, की मासे मी फक्त चित्रात पाहिलेत. फार चतुर समजायचे मी स्वतःला. एकदा शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, आज बांगड्यानं गजरा माळलाय वाटतं."

तर प्रयोग ठरला. दोन पोरी, चार हात. चारही हातांना बांगडा चोळायचा. मग एक हात लिंबानं, एक बेसनानं, एक कोकमाच्या सालींनी धुवायचा आणि एक नळाखाली स्टीलच्या चमच्यावर घासायचा. हुंगायला घरचीच माणसं.

मुलगा म्हणाला, "कसलाच वास नाही." सून म्हणाली, "झकास, काहीच येत नाही." मीही हुंगले. चारही हात निर्मळ. पोरी इतक्या खूश, की साकीनाक्याहून बॅनरच छापून आणला: 'चारही उपाय शंभर टक्के गुणकारी'.

बॅनर घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या, तर आत आमच्या समोरच्या दारातल्या बेन. कांदाही न खाणाऱ्या. त्यांनी पदर नाकाला लावून विचारलं, "आज बांगडा काय?"

नात तोंड पाडून घरी आली. "आजी, वाट लागली. आपल्या घरातली सगळी नाकं बाद आहेत."

खरंच होतं ते. ज्या घरात वास भिंतीत मुरलाय, तिथल्या नाकांना काय कळणार?

आता बेनचंच नाक हवं होतं. पण इतकी वर्षं आमच्या तव्यावर मासा पडला, की त्यांचं दार धाडकन बंद व्हायचं, आणि मी ते ऐकून मुद्दाम आणखी एक तुकडी टाकायचे. विचारायला जायचं कुणी? पोरींनी मला पुढे ढकललं.

"बेन, तुमचं नाक पाहिजे होतं."

"भांडायला आलात काय, भाभी?"

पोरींचं काम आहे म्हटल्यावर मात्र त्या लगेच खुर्ची घेऊन पॅसेजमध्ये बसल्या. डोळ्यांवर ओढणी बांधून घेतली. लिंबाचा हात हुंगून म्हणाल्या, "मासा आहे, वर लिंबू पिळलंय." कोकम? "जास्तच आहे." चमचा? "थोडा." बेसन? "हा चालेल."

माझ्या अंगात आलं. बाई नुसत्या ठोकून देतायत का, ते बघायला मी माझाच कोरडा हात गुपचूप पुढे केला. बेननी हुंगला. बोटाशी थांबल्या.

"ह्याला मासा नाही. पण भाभी, तुम्ही मिश्री सोडली ना?"

दातांना तंबाखूची मिश्री लावणं सोडल्याचं मी घरात जाहीर केलं होतं, आणि मुलगा नातेवाइकांत माझं कौतुक करत फिरत होता. पोरींकडून मी गळ्याची शप्पथ घेतली.

प्रदर्शनात बॅनरवर पांढरा कागद चिकटवून दोघी छान बोलल्या. परीक्षक थांबले, वाकून वाचलं, आणि म्हणाले, "नाक एकच? त्या अंदाजानं सांगत नव्हत्या कशावरून?"

नातीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मैत्रीण पंख्याकडे बघू लागली. माझ्या शेजारी मुलगा पुटपुटला, "बोल ना बाळा, येतंय तुला." नात माझ्याकडे बघत होती. काय करणार? मी मान डोलावली.

"सर, आम्ही मध्येच एक मासा न लावलेला हात दिला होता. त्यांनी तो ओळखला. म्हणाल्या, मासा नाही, मिश्री आहे."

"मिश्री? कुणाची?"

"आजीची."

परीक्षक हसत हसत कागदावर काहीतरी लिहू लागले. मग मान वर करून त्यांनी दोघींना सांगितलं, निवड झाली. मुलगा त्यांच्याकडे बघतच नव्हता.

"आई?"

"टाळ्या वाजव रे आधी," मी म्हटलं.