वेटिंगवरची सुपारी

आमच्या घरात एक नियम आहे आणि त्याला 'का' विचारायचं नसतं. तिघांनी मिळून उंबऱ्याबाहेर पडायचं नाही. एकाने पडा, दोघांनी पडा, अख्ख्या गल्लीने पडा. तिघांनी नाही.

लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "का?" मोठ्या काकांनी फक्त माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं, म्हणून पुन्हा विचारलं नाही. पण म्हणून पटलं होतं असं समजू नका हं!

आणि याच नियमापायी, मंडळी, मी गाडी सुटायच्या आदल्या दिवशी, घरच्या ओट्यावर बसून, स्वतःच्या हाताने स्वतःला गाडीतून खाली उतरवलं. गाडी तेव्हा स्टेशनातही आलेली नव्हती. चहा घ्या, सांगते.

मी डहाणूची. बाबा बोटीवर असतात, आई बोंबील वाळवते, आणि घरातला शेवटचा शब्द मोठ्या काकांचा. मी बी.एस्सी. झाले आणि मासे टिकवण्याच्या शास्त्रात पुढचं शिकायचं म्हणून गुजरातेत वेरावळच्या एका कॉलेजात अर्ज केला. तिकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. एकच दिवस, एकच संधी, चुकलं तर वर्ष गेलं.

"बोंबील वाळवायला शिकायला कॉलेज?" काका म्हणाले. "तुझी आई काय करते मग इतकी वर्षं?"

"आईचे बोंबील पाऊस पडला की कुजतात, काका. ते कुजू नयेत म्हणून शिकायचंय."

आईने मागून हळूच मान हलवली. काका विरघळले, पण अर्धेच. "जा. पण एकटी नाही. मी येतो." पुन्हा विचार करून म्हणाले, "आणि बरोबर बाईमाणूस पाहिजे. तलासरीची आत्या येईल."

झाले की नाही तीन? पण ते काकांच्या तेव्हा लक्षात आलं नाही, आणि मी काही आठवण करून देणार नव्हते. मी गच्चीवर गेले, जिथे फोनला रेंज चांगली मिळते, आणि गाडी वापीवरून धरायची म्हणून वापी ते वेरावळ, तीन तिकिटं, पक्की, खटाखट! खाली येऊन फोन काकांपुढे धरला. "बघा. खिडकी नाही, रांग नाही, सुट्टे पैसे नाहीत. पाच मिनिटांत काम."

काकांनी चष्मा लावला. एकेक नाव बोटाने मोजलं. बोट तिसऱ्यावर थांबलं.

"तीन?"

"हो."

"तीन!"

मला वाटलं होतं, फार तर सुपारी निघेल. म्हणजे आमच्याकडे तोड अशी असते. तिघांना निघावंच लागलं तर खिशात एक सुपारी टाकायची आणि तिला चौथी म्हणायचं. झाले चार, अपशकुन फिटला. बाजारात, लग्नाला, दवाखान्यात आम्ही कित्येकदा सुपारीला फिरवून आणलंय.

"घ्या की सुपारी," मी म्हटलं.

"रिक्षात चालते सुपारी. रेल्वेत नाही चालत."

"का?"

"रिक्षावाला माणसं मोजतो का? रेल्वे नावनिशी मोजते. इथे सरकारी कागदावर तीन नावं छापून आलीत. खिशातली सुपारी त्या कागदावर कुठे दिसतेय?"

आता सांगा, यावर काय बोलायचं? आई चौथी येईल का म्हणून विचारलं, तर काका म्हणाले, "ती आली तर बोंबील कोण बघणार? कावळे?"

मग माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की माझी जीभ सुटते, हे माझ्या मैत्रिणींना माहीत आहे. मी म्हटलं, "मग सुपारीचंही तिकीट काढू का?"

काका म्हणाले, "काढ."

अहो, मी टोमणा मारला होता! पण काका शांतपणे चष्मा पुसत बसले होते. "पैसे मी देतो. काढ."

आधीच्या तिकिटात चौथं नाव घालता येत नाही, एकदा काढलं की काढलं. म्हणून सुपारीचं वेगळं तिकीट. (खोट्या नावाने तिकीट काढू नये, हे मला माहीत आहे. तुम्ही काढू नका. मी काढलं त्याचं काय झालं ते पुढे येतंयच.)

तोवर आत्याला फोन लागला होता आणि ती तलासरीच्या बाजारातल्या आपल्या सुकटीच्या टोपलीमागून, फोनवरच सल्ले देत होती.

"नाव काय टाकू?" मी विचारलं.

"सुपारीबाई," काका.

"वय?"

"साठच्या वर टाक. खालची सीट मिळते."

"बाई की पुरुष?"

"बाईच लिही ने," आत्या फोनमधून ओरडली. "रात्रीचा प्रवास आहे. शेजारी परका पुरुष नको!"

"आत्या, सुपारीला काय होणार आहे?"

"सुपारीला नाही गो. तुला! तिच्या सीटवर दुसरा कोण येऊन बसला तर?"

जेवणाचं विचारलं असतं तर आम्ही शाकाहारी लिहिलं असतं. आमच्या घराण्यातली पहिली.

मी बटण दाबलं आणि उत्तर आलं. सुपारीबाई, वय एकसष्ट, वेटिंग!

म्हणजे बघा, आमच्या तिघांना जागा मिळाली आणि जिला जागेची गरजच नाही ती रांगेत उभी. तेव्हापासून काकांचा दिवस एका प्रश्नाने सुरू व्हायचा. "सुपारी कुठवर आली?" मी मुलाखतीची तयारी करतेय, मिठाचं प्रमाण आणि पाण्याचा अंश पाठ करतेय, आणि दारातून काका, "सुपारी सरकली का?" शेजारच्या म्हातारीने तर आईला विचारलं, "तुमच्याकडे कोण आजारी आहे गो? सारखं विचारतात, कुठवर आली म्हणून. डॉक्टरीणबाई का?"

सरकत सरकत सुपारी एक नंबरवर आली आणि तिथेच बसून राहिली. हलेना.

प्रवासाच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या येऊन थडकली. मोठी पिशवी, नवी साडी, डब्यात सुकटीची चटणी, वर गुजरातेत भाऊबंद भेटले तर म्हणून वेगळा डबा. आयुष्यात ती वापीच्या पुढे गेली नव्हती. ओट्यावर बसली ती तोंडभर हसतच.

काकांनी विचारलं, "सुपारी?"

"अजून वेटिंगच."

"उद्यापर्यंत पक्की नाही झाली तर?"

"तर चार्ट लागला की तिचं तिकीट आपोआप रद्द. पैसे परत येतात."

"पैशाचं नाही विचारत. म्हणजे गाडीत आपण कितीजण?"

मी फोन पालथा ठेवला.

"तीन," काका स्वतःच म्हणाले. "ऐन वेळी तीन. मोठा घात व्हायचा. एक नाव कमी कर. दोघं जाऊ."

"कोणाचं?"

काकांनी आत्याकडे बघितलं नाही, यावरून सगळ्यांना कळलं.

"माझं?" आत्या उभी राहिली. "मी तलासरीहून दुकान बंद करून आले! साडीला फॉल लावला! सुपारीला ठेवताय आणि मला काढताय?"

"सुपारीला कुठे ठेवतोय? चार्ट लागला की तीही जाणार."

"मग तिच्याशीच बोला आता!" आत्या पाठ फिरवून बसली.

आईचं म्हणणं, आत्याला नका काढू. काकांचं म्हणणं, मला काढायचं का मग? दोघेही माझ्या दोन कानांत एकेक. मी वैतागून म्हटलं, "थांबा हो सगळे! मला करू द्या. तुम्हाला यातलं काही कळत नाही, मला कळतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस ऐकलंय.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आमची बोट समुद्रात जाताना कोण कोण चढतंय ते लिहून ठेवावं लागतं. शाळेत असल्यापासून ते काम माझं. बोटीवरच्या सगळ्यांची नावं आधीच लिहिलेली असतात. जो जाणार, त्याच्या नावापुढे खूण. जो ताप येऊन घरी झोपला, त्याची जागा कोरी. वर्षानुवर्षं बंदरावर उभी राहून मी खुणा केल्यात. हाताला वळणच पडलंय.

मी तिकीट उघडलं. रद्द करण्याचं पान आलं. तीन नावं, प्रत्येकापुढे एकेक चौकट.

बरोबर ओळखलंत!

जाणार कोण? काका. खूण. जाणार कोण? मी. खूण. आत्याची जागा कोरी. खाली काहीतरी लिहिलेलं होतं, पण ज्याला कळतं तो कशाला वाचतो? "खात्री आहे का?" असंही त्याने विचारलं. मला तर सदाचीच खात्री! दाबलं.

"झालं!" मी म्हटलं.

"बघू," काका म्हणाले. चष्मा लावला. बोटाने मोजलं. या वेळी बोट एकावरच थांबलं. त्यांनी फोन आत्याच्या हातात दिला.

"काय आहे?" आत्या फुरंगटून म्हणाली.

"तुझं तिकीट आहे," काका म्हणाले. "वेरावळला जा. मुलाखत दे."

मी फोन हिसकावला. मी रद्द. काका रद्द. आत्या पक्की! लगेच पुन्हा तिकीट काढायला धावले, जिना चढून गच्चीवर. आता मलाच वेटिंग! माझीच रिकामी केलेली जागा मला मिळेना. तत्काळची वेळ तर सकाळीच उलटून गेलेली. पैसे म्हणाल तर काही कापून परत येणार होते, चार-आठ दिवसांत, बँकेत. पैसे परत आले की त्यांच्यावर बसून वेरावळला जाता येत नाही ना!

गच्चीवर मी रडले. खोटं कशाला सांगू? समोर आईच्या बोंबलांच्या रांगा वाऱ्यावर हलत होत्या आणि मला ते सगळे बोंबील माना हलवून च्-च् करताहेत असं वाटलं.

खाली आले तेव्हा ओट्यावर न्यायसभा भरली होती. काका मधोमध.

"बस," ते म्हणाले. आवाज मऊ होता, तो मला जास्त लागला. "हा संकेत आहे, पोरी. तीन नावं छापलीस तिथेच बिघडलं. आता नको जाऊस. पुढच्या वर्षी बघू."

"होय ने," आत्या म्हणाली. "होतं ते बऱ्यासाठी होतं."

आई माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"संकेत नाही. मी वाचलं नाही, एवढंच झालं. इथे ज्याला काढायचं त्याच्यापुढे खूण करायची होती, मी बोटीवरच्यासारख्या जाणाऱ्यांपुढे केल्या आणि दाबून मोकळी झाले. चूक माझी, पुरती माझी. त्यात तिघांचा काही हात नाही, काका. आणि मी पुढच्या वर्षी जाणार नाही. उद्या जाणार."

"कशी?"

"बसने. हायवेवर अच्छाडच्या ढाब्यांपाशी सौराष्ट्राच्या गाड्या थांबतात. परवा सकाळी वेरावळला पोचते."

"एकटी?"

"एकटी. तीन अशुभ, म्हणून मी सुपारीचं तिकीट काढलं. ऐकलं ना तुमचं? तिनाचे दोन करायला सांगितलेत, मी केले. कसे केले ते सोडा! आता सांगा, एकटीने निघायचं नाही असा नियम कुठे आहे? असेल तर सांगा. आणि या वेळी मी 'का' विचारणार."

काकांनी आत्याकडे बघितलं. आत्याने आईकडे बघितलं. मी वाट बघत उभी होते.

मग आई उठली, आत्याच्या पिशवीतला चटणीचा डबा काढला आणि माझ्या पिशवीत ठेवला. आत्याने बघितलं आणि डब्याचं झाकण पुढे होऊन घट्ट लावून दिलं. काका खिशातल्या खिशात कशाशी तरी चाळा करत होते.

जिंकले मी! अगदी मान ताठ करून वळले, आत जाऊन पिशवी भरणार, तेवढ्यात हातातला फोन वाजला. निरोप आला होता. वाटलं, देव पावला, माझीच जागा लागली! त्याच ताठ मानेने मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला.

सुपारीबाई, वय एकसष्ट, पक्की. डबा माझाच. बर्थही माझीच, मी सोडलेली.

काकांनी खिशातून सुपारी काढली, वाटेत सोबत म्हणून माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.