सात दिवसांची पाहुणी

कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटावर उतरणारी विमानं एवढीशी, आठ माणसांची. त्यामुळे मंडळी कितीही असोत, ती टप्प्याटप्प्यानेच येतात आणि अर्नेस्टीन टुइटला धावपट्टीच्या कुंपणाशी बस लावून दोन-तीन तास ताटकळावं लागतं. त्याचं तिला काही वाटत नसे. एकोणीस वर्षं ती पाहुण्यांना बेट दाखवत होती. शनिवारी आणायचे, पुढच्या शनिवारी सोडायचे. मधल्या सात दिवसांत किनारे, रान, डोंगर आणि राखेखाली गेलेलं गाव. मार्चमधल्या त्या शनिवारी मात्र तिने सकाळपासून बसच्या काचा चारदा पुसल्या होत्या.

त्याला कारण होतं. सोमवारी तिच्या हाती लेस्टरच्या एका चर्चमंडळाची यादी आली होती. बारा नावं. बहुतेक इथलीच माणसं, डोंगराचा ज्वालामुखी पेटला तेव्हा इंग्लंडला गेलेली. सेंट पॅट्रिकचा सण साधून आठवडाभर गाव बघायला येणार होती. नववं नाव होतं जॉसलीन प्राइस. अर्नेस्टीनची मुलगी.

दर रविवारी दोघी फोनवर बोलत. आदल्याच दिवशी बोलल्या होत्या. लेस्टरचा पाऊस झाला, नातवाची परीक्षा झाली, अर्नेस्टीनचा गुडघा झाला. येते आहे एवढं मात्र जॉसलीन बोलली नव्हती. यादी हातात घेऊन अर्नेस्टीनने दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवून दिला. विचारलं, आणि ती म्हणाली की नाही गं, राहूनच गेलं, तर काय करायचं?

दुसऱ्या विमानातून जॉसलीन उतरली. अडतीस वर्षांची, अंगाने भरलेली, डोक्याला उन्हाची मोठी टोपी. चाल मात्र तीच, डावा पाय किंचित बाहेर टाकणारी.

"तू बोलली नाहीस," मिठी सोडता सोडता अर्नेस्टीन म्हणाली.

"विमानात पाय ठेवेपर्यंत माझंच नक्की नव्हतं, मम्मी."

"आतली खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय."

जॉसलीन सामानाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "मी सगळ्यांबरोबर गेस्ट हाऊसलाच राहते. तिथं जागा ठरलीय माझी."

"बरं," अर्नेस्टीन म्हणाली आणि तिची बॅग इतरांच्या बॅगांबरोबर मागे चढवली.

डोंगर जागा झाला तेव्हा अर्नेस्टीन प्लिमथमध्ये, बेटावरच्या त्या आता राखेखाली गेलेल्या गावात, कपडे शिवायची. शाळेचे गणवेश, लग्नाचे पोशाख, मेल्या माणसाचा शेवटचा सदरासुद्धा. नवरा बोटीवर होता. एका वर्षी पत्रं थांबली आणि मग त्याचं येणंही थांबलं. घरात तिघीच राहिल्या, ती, तिची म्हातारी आई आणि जॉसलीन. राख पडायला लागली तेव्हा सगळ्या गावाबरोबर त्या उत्तरेला आल्या आणि चर्चच्या सभागृहात चादरीचे आडोसे करून राहिल्या. आठ दिवसांत परत जायचं म्हणून आल्या होत्या, दोन वर्षं निघाली. मग डोंगराने माणसं घेतली, आणि ज्याचं कोणी इंग्लंडात होतं तो निघाला. अर्नेस्टीनची बहीण व्हर्निस लेस्टरला होती. बारा वर्षांच्या जॉसलीनला तिच्याकडे पाठवताना अर्नेस्टीन म्हणाली होती, नाताळपर्यंत आजीला घेऊन येतेच.

आजी विमानात बसेना. "डोंगराला काय करायचं ते करू दे, मी इथली आहे," म्हणाली, आणि असं म्हणत म्हणत सात वर्षं जगली. तिला मूठमाती देऊन अर्नेस्टीन मोकळी झाली तोवर जॉसलीन एकोणीस वर्षांची झाली होती. तिला कोणी न्यायला नको होतं की आणायला. पुढे तिच्या लग्नाला अर्नेस्टीन पंधरा दिवस जाऊन आली, आणि लांबच्या नात्यातल्या बाईसारखी नीटनेटकी खुर्चीवर बसून आली. शिवणयंत्र राखेत गेलं होतं. सदोतीस वर्षं सायकलही न चालवलेली बाई लायसन्स काढायला गेली तेव्हा लोक हसले. नंतर त्याच लोकांचे पाहुणे ती फिरवू लागली.

रविवारी सगळे चर्चला गेले. सोमवारी किनारे झाले. वाटेत डोंगरउतारावरच्या झऱ्याशी अर्नेस्टीनने बस थांबवली. याचं पाणी प्यायलेला माणूस बेटावर परत येतो, हे ती दर आठवड्याला सांगे.

"मी लहानपणी पिंपभर प्यालोय," डडली फेंटन म्हणाला. एक्क्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा एके काळी प्लिमथच्या धक्क्यावर ओझी वाहायचा. "पण यायला सव्वीस वर्षं लागली. पाण्यात काहीतरी भेसळ आहे, अर्नी."

सगळे हसले. ओंजळी पुढे झाल्या. जॉसलीन फोटो काढत राहिली.

बसमध्ये ती चौथ्या रांगेत खिडकीशी बसायची. अर्नेस्टीन आरशातून तिच्याकडे बघायची, आणि एका वळणावर बघता बघता बस गटाराच्या कडेला गेली.

"अर्नी, रस्ता पुढे आहे गं," फेंटन म्हणाला. "पोरगी मागे आहे ती कुठं पळत नाही."

पळत नव्हती हे खरं, पण जवळही येत नव्हती. जेवताना इतरांबरोबर बसायची. "मम्मी, तुलाही थंड काही आणू?" असं अगदी नीट विचारायची. त्या नीटपणानेच अर्नेस्टीनचा जीव टांगणीला लागला. पोर भांडली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी प्लिमथ होतं. तिथं मनात आलं म्हणून जाता येत नाही. डोंगर शांत आहे असं वेधशाळेकडून कळावं लागतं, पोलिसांची परवानगी लागते, वाटाड्याच्या हातात वायरलेस लागतो. बंद केलेल्या भागाचं फाटक उघडलं आणि बस करड्या जमिनीवरून सावकाश निघाली. एरवी पाहुणे अशा वेळी पटापट बोलायला लागतात. ही मंडळी गप्प झाली. जमीन इतकी वर आली होती की दुमजली इमारतींचे वरचे मजले रस्त्याला टेकले होते. एका गच्चीवर बाभळीसारखं काटेरी झुडूप माजलं होतं.

फेंटनला धक्का दाखवला. तो टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं होतं, हा माझ्यानंतर राहील."

मग अर्नेस्टीन नेहमीच्या जागी थांबली आणि नेहमीसारखी बोलू लागली. एकोणीस वर्षांत ते बोलणं गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. "इथून वर चिंचेची आळी जायची. तिसरं घर आमचं. ओट्यावर माझं शिवणयंत्र. आई उंबऱ्यात बसून तुरीच्या शेंगा सोलायची. दरवाजा हिरवागार, लांबून ओळखू यायचा. बोटीवरून उतरणारी माणसं म्हणायची, त्या हिरव्या दरवाजाशी जा, कपडे शिवून मिळतील."

"दरवाजा हिरवा नव्हता," जॉसलीन म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"नुसतं लाकूड होतं, मम्मी. रंग आणून ठेवला होतास तू. दोन डबे. माझ्या खाटेखाली होते. त्या वासाने माझं डोकं दुखायचं. नाताळला लावू म्हणालीस, मग राख पडायला लागली."

अर्नेस्टीनने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला दिसलं, की पोर खरं बोलते आहे. डबे तिला आठवले. त्यांच्या झाकणावरचा वाळलेला ओघळही आठवला. पण दरवाजाचा रंग काही केल्या पुसेना. तो तिने किती लोकांना दाखवला होता. शेकडो लोकांच्या फोटोंखाली तो कुठंकुठं लिहिला गेला असेल. बोटीवरून उतरणारी माणसं असं कधी म्हणाली होती का, हेही आता तिला सांगता येईना.

"असेल," ती म्हणाली. "चला, ऊन वाढतंय."

मंडळी पुढे गेली. मोडक्या भिंतीच्या सावलीत ती टेकली, तशी जॉसलीनही शेजारी येऊन बसली. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला तुला सगळ्यांसमोर खोटं पाडायचं नव्हतं."

"अजून काय आठवतं तुला?" अर्नेस्टीनने विचारलं.

"सगळं."

"सांग."

जॉसलीनने सांगितलं. आजीच्या खाटेवरच्या गोधडीत एक ठिगळ पोलिसाच्या गणवेशाचं होतं. मोरीतली तिसरी फरशी हलायची. पावसाळ्यात छप्पर नेमकं शिवणयंत्रावर गळायचं म्हणून यंत्र दर जूनमध्ये हातभर डावीकडे सरकायचं. लेस्टरला शाळेच्या बसमध्ये तिच्याशी कोणी बोलत नसे. तेव्हा ती रोज मनातल्या मनात या घराच्या दारातून आत शिरायची आणि एकेक वस्तू बघत मागच्या अंगणापर्यंत जायची. एखादी वस्तू सुटली तर पुन्हा दारापासून सुरुवात करायची. अंगणात पोचेपर्यंत शाळा यायची.

अर्नेस्टीन भुकेल्या माणसासारखी ऐकत होती. हलणारी फरशी ती पार विसरून गेली होती. ती इथं राहिली, दर आठवड्याला या जागेवर उभी राहिली, आणि घर मात्र पोरीबरोबर गेलं होतं.

"तू नाताळला येणार होतीस," जॉसलीन म्हणाली.

"आजी बसेना गं विमानात."

"मला माहीत आहे. मावशीने सांगितलं होतं. मीही आता आई आहे, मला कळतं. पण कळून उपयोग होत नाही, मम्मी. मी बघ, अजून बारा वर्षांची होऊन बसलेय तिथं, व्हर्निसमावशीच्या खिडकीत."

अर्नेस्टीनला पुष्कळ सांगता आलं असतं. त्या नाताळला ती सभागृहाच्या पायरीवर बसून कशी रडली होती, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पण आज ते सांगितलं तर पोरीलाच आपली समजूत काढावी लागेल, असं तिच्या मनात आलं. म्हणून ती एवढंच म्हणाली, "मी यायला हवं होतं. चार दिवसांसाठी का होईना. शेजारीण होती आईला बघायला. मी आले नाही."

जॉसलीनने मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. वायरलेस खरखरला, वेळ संपल्याचं फाटकावरून सांगत होते. दोघी उठल्या. बसमध्ये जॉसलीन पुढच्या सीटवर बसायला आली, आणि फेंटनने आपली काठी उचलून मुकाट्याने तिच्यासाठी जागा केली.

शुक्रवारी सेंट पॅट्रिकचा सण. सगळं बेट हिरवे कपडे घालून रस्त्यावर आलं होतं. उंच शिरपेच घातलेले नाचे चाबूक फटकावत फिरत होते. मंडळींना मिरवणुकीपाशी सोडून अर्नेस्टीन निघाली, तर जॉसलीन उतरलीच नाही.

"मला घरी ने. पाहिलं नाही मी अजून."

अर्नेस्टीनचं घर लुकआउट वस्तीत होतं. डोंगरानंतर सरकारने बांधून दिलेली दोन खोल्यांची घरं, सगळी एका साच्याची. जॉसलीनने भिंतींवर नजर फिरवली. इथं तिच्या ओळखीचं काही नव्हतं. अर्नेस्टीनने बकरीचा रस्सा केला होता, बेटावर त्याला बकरीचं पाणी म्हणतात. पहिला घोट घेऊन जॉसलीन थांबली.

"मी तिथं करते. लवंग घालते, सगळं घालते. असा होत नाही."

"बकरी कुठली?"

"दुकानातली."

"मग कसा होईल? ती बकरी डोंगर चढलेली नाही."

जॉसलीन हसली, आईसमोर आठवड्यात पहिल्यांदाच. दोन वाट्या रस्सा पिऊन ती आतल्या खोलीत गेली आणि पाठ टेकते म्हणून आईच्या खाटेवर आडवी झाली. पाच मिनिटांत तिला गाढ झोप लागली. बाहेर ढोल वाजत होते. उन्हाचा पट्टा तिच्या पायांवर आला तेव्हा अर्नेस्टीनने पडदा ओढला आणि खुर्ची घेऊन बसली. सभागृहात चादरीच्या आडोशाआड ही पोर अशीच झोपायची, एक हात गालाखाली घालून. तीन वाजता मंडळींना आणायचं होतं. तीन वाजले. साडेतीन वाजले. उठावं असं अर्नेस्टीनला एकदाही वाटलं नाही. एकोणीस वर्षांत तिची बस कधी दहा मिनिटं उशिरा गेली नव्हती. त्या दिवशी ती पावणेपाचला पोचली.

अकरा जण वडाच्या पारावर बसावं तसे दुकानाच्या पायरीवर बसले होते. फेंटनच्या गळ्यात कुणीतरी हिरवी माळ घातली होती.

"टायर पंक्चर झाला का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मला वाटलंच," तो म्हणाला आणि इतरांना हाकारलं, "चला रे, चढा. कोणी काही विचारू नका."

शनिवारी पहिल्या विमानात आठ जण गेले, दुसऱ्यात चार. जॉसलीन दुसऱ्यात होती. कुंपणाशी दोघी उभ्या राहिल्या. फारसं बोलणं झालं नाही. लेस्टरला पोचल्यावर फोन कर, स्वेटर वरच ठेव, असलंच काहीबाही. निघताना जॉसलीन म्हणाली, "पुढच्या खेपेला गेस्ट हाऊस नको घेऊ या."

"नको," अर्नेस्टीन म्हणाली.

विमान समुद्रावरून वळून दिसेनासं झालं. एरवी ती लगेच बस वळवायची, त्या दिवशी बराच वेळ कुंपणाची तार धरून उभी राहिली. घरी आल्यावर तिने खाटेवरची चादर बदलली नाही. चार दिवसांनी बदलली.

आता रविवारचे फोन लांबले आहेत. पाऊस आणि गुडघा आटोपला की कधी अर्नेस्टीन विचारते, "मागच्या अंगणात पपई होती की शेवगा?" आणि जॉसलीन सांगते. कधी ती न विचारताच सांगते. कधी दोघी थकलेल्या असतात, तेव्हा काहीच सांगत नाहीत. अर्नेस्टीनने एक घडीची खाट घेतली आहे, नातवासाठी. ती अजून कागदात गुंडाळूनच दाराआड उभी आहे. येणार कधी, हे जॉसलीनने सांगितलेलं नाही, आणि अर्नेस्टीनही विचारत नाही. शनिवारची यादी आली की मात्र ती उभ्या उभ्याच वाचते, शेवटच्या नावापर्यंत, आणि मग चष्मा काढून खाली बसते.