चालत्या घरातले दोन टीव्ही

माझा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा मी आधी सोल्डरिंग गनला दोष दिला, मग चष्म्याला, मग दुकानातल्या ट्यूबलाइटला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यावर दोष द्यायला कुणी उरलं नाही. अमरावतीत तीस वर्षं मी लोकांचे टीव्ही उघडले आणि मिटवले. पण डगडगत्या हातात सोल्डरिंग गन धरली की दुरुस्त करायच्या बोर्डावर नवंच भोक पडायचं. मी दुकान बंद केलं आणि घरी बसलो. काम गेलं म्हणजे मीच गेलो असं मला वाटत होतं. घरात ऐकायला बायकोच होती, म्हणून ते मी रोज तिलाच ऐकवत होतो. चहात साखर कमी पडली तरी गाडी तिथेच येऊन थांबायची.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मला मान्य आहे. बायको ब्लाउज शिवते. तिच्या तोंडात सहसा टाचण्या असतात, म्हणून आमचा संसार टिकला असं मी लोकांना सांगतो. ती म्हणते, टाचण्या नसत्या तर कधीच निकाल लागला असता.

एप्रिलमध्ये अकोल्याहून फोन आला. पूर्वी अमरावतीला शिकवणारे एक प्राध्यापक होते, माझं जुनं गिऱ्हाईक. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मोटरहोम विकत घेतली होती. आत पलंग, ओटा, संडास आणि लाकडात बसवलेले दोन टीव्ही. दोन्ही टीव्ही बंद पडले होते. अकोल्यातल्या दोघा जणांनी सांगितलं होतं, की टीव्ही काढायचे तर अख्खं पार्टिशन फोडावं लागेल. आठ दिवसांनी दोघं नवरा-बायको हिमाचलला निघणार होते आणि बाईंची एकच अट होती, संध्याकाळच्या मालिका बुडता कामा नयेत. बुडाल्या तर खंडव्यालाच उतरून परत येईन, असं त्यांनी बजावलं होतं.

फोन बायकोने उचलला होता. मी खुर्चीतून हातानेच 'नाही, नाही' करत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "येतात ना, सर. उद्याच येतात."

मी असा भडकलो की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. "मले आता जमत नाही हे तुले माहीत नाही काय?"

"काहून नाही जमत? हात हालून राहिला तुमचा. डोकं तर नाही हालून राहिलं?"

"डोक्यानं स्क्रू खुलते काय?"

"स्क्रू मी खोलीन," ती म्हणाली आणि परत मशीनवर बसली.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून रेल्वे धरून आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि ऊन बारा वाजल्यासारखं होतं. मोटरहोम सरांच्या आवारात कडुनिंबाखाली उभी होती. आत मधोमध एकच पार्टिशन होतं. त्याच्या एका अंगाला बसायच्या जागेकडे तोंड केलेला टीव्ही, दुसऱ्या अंगाला पलंगाकडे तोंड केलेला, आणि मध्ये दोघांच्या पाठींपुरती पोकळी. ज्याने हे बनवलं त्याने आधी टीव्ही बसवले आणि मग चारही बाजूंनी सिलिकॉन भरून टाकलं होतं. टीव्ही कधी बाहेरही काढावे लागतात, हा विचार त्या भल्या माणसाच्या मनाला शिवला नव्हता.

मी ब्लेड हातात घेतलं. मला वाटलं, इतकं तर जमेलच, नुसतं कडेने कापत जायचं. दोन इंच नीट गेलं. मग हात असा उडाला की सनमायकावर वीतभर पांढरा ओरखडा उठला. सर दारातच उभे होते. "असू द्या भाऊ," ते म्हणाले. त्या 'असू द्या'ने मला जितकं लागलं तितकं शिवीनेही लागलं नसतं. मी ब्लेड खाली ठेवलं, बाहेर आलो आणि झाडाखालच्या बाकावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं. उन्हाचा त्रास होतोय असं दाखवायला मी रुमाल डोक्यावर घेतला.

आतून थोड्या वेळाने बारीक करकर ऐकू यायला लागली. अर्ध्या तासाने बायको बाहेर आली ती टीव्ही छातीशी धरून. तिच्या पिशवीत जाड नायलॉनचा दोरा असतो. तो तिने वरच्या फटीत घातला, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि करवतीसारखा मागेपुढे ओढत चारही बाजूंचं सिलिकॉन कापून काढलं होतं. लाकडावर एक रेघ नव्हती. बोटांवर मात्र लाल वळ होते. तिने टीव्ही माझ्यासमोर बाकावर पालथा ठेवला, मागचे स्क्रू उघडले आणि म्हणाली, "घ्या. याले काय झालं ते आता तुमी सांगा. ते मले नाही समजत."

मागचं झाकण निघालं आणि टीव्हीच्या पोटातून वाळ्याचा वास आला.

मला आधी भास वाटला. मी नाक आणखी जवळ नेलं. खरंच वाळा, ओला, थंड, उन्हाळ्यातल्या दुपारचा. आणि बोर्डावर जिथे जिथे तांबं होतं तिथे हिरवी बुरशी चढावी तसा गंज. मी ताडकन उठलो. मोटरहोमच्या मागे गेलो तर तिथल्या खिडकीला सरांनी घरचा, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अडकवलेला. गाडीला एसी होता, तो चालतही होता. पण वऱ्हाडातल्या माणसाला एसीत झोप येते थोडीच! पार्टिशनला हवेसाठी जी जाळी ठेवली होती ती नेमकी कूलरच्या तोंडासमोर. दोन उन्हाळे सर गाडीतच झोपत होते आणि ते टीव्ही रात्रभर पाणी पीत होते.

"सर," मी म्हटलं, "तुमचे टीव्ही सर्दीनं मेले."

सर हसले, मग गंभीर झाले. "कूलर काढायचं नका सांगू, भाऊ. दुसरं काहीही सांगा."

कूलर काढायचं मीही सांगितलं नसतं. ती जाळी पत्र्याने बंद करायची आणि दुसऱ्या अंगाला, वरच्या बाजूला नवी पाडायची, असं मी ठरवलं. ठरवलं हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. कित्येक महिन्यांत मी काही ठरवलं नव्हतं.

तोवर बायकोने दुसरा टीव्हीही त्याच दोऱ्याने काढला. नव्या टीव्हींसाठी मी टेप लावून मापं सांगायला लागलो, तर तिने पिशवीतून वर्तमानपत्र काढलं. "टेपीनं नाही होत. हे भोक वाकडं हाये." तिने कागद त्या भोकावर धरला, कडेने नखाने दाबत गेली आणि घडीवरून कापला. ब्लाउजचा गळा बेतते तसाच. बत्तीस वर्षांत तिने कुठलंच अंग सरळ आहे असं धरून चालून कापड कापलेलं नाही. कागद उलगडला तेव्हा दिसलं, की डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं बुटकी होती. माझ्या मापाने आणलेला टीव्ही बसलाच नसता. हे मी तिला तेव्हा बोललो नाही, आता लिहितो आहे.

दुपारी बाजारात दुकानदाराने विचारलं, "ताई, किती इंची पाहिजे?"

तिने वर्तमानपत्र टीव्हीवर पसरलं. "एवढा."

दुकानातली सगळी माणसं जमली. ती एकेका टीव्हीला कागद लावून पाहायची आणि मी मागून बोलायचो. मागे वायर वळायला जागा राहते का, अडॅप्टर बारा व्होल्टचा आहे का, पाठीवर पट्टीसाठी चार भोकं आहेत का. तिसऱ्या टीव्हीवर आम्हा दोघांचं एकाच वेळी 'हा' झालं. दुसऱ्या भोकाचं मापही तेच होतं, म्हणून तसेच दोन घेतले. इंजिन चालू असलं की बॅटरीचा दाब चौदा व्होल्टच्या वर जातो, म्हणून मध्ये टाकायला दोन रेग्युलेटर मी निवडले. तेवढ्यात मी दुकानदाराला दोनदा झापलंही. बायको म्हणाली, आता बरे झाले वाटते तुमी.

रात्री मुक्काम सरांकडेच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शिवणाच्या खडूने भोकांच्या खुणा केल्या, मी सांगितल्याप्रमाणे जुनी जाळी पत्र्याने बंद करून वर नवी पाडली, रबरी वॉशर घातले, नट आवळले. मी बाहेरून ओरडत होतो. "अजून अर्धा फेरा! रस्ते पाहिले नाही काय आपले?"

"ओरडता कायले? इथंच त हावो मी."

मग तिने तो ओरखडा बघितला, दोन ठिकाणी खडू टेकवला आणि तिथे रिमोट ठेवायची लहान पट्टी ठोकली. ओरखडा झाकला गेला. सरांनी गाडी काढली, मुद्दाम खडबडीत रस्त्याने मूर्तिजापूरच्या दिशेने नेली. बाई पलंगावर बसून मालिकेचा जुना भाग बघत होत्या. गाडी खड्ड्यात आपटली, ओट्यावरचा पेला पडला, पण टीव्ही तसूभर हलला नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो, तो काढून वर ठेवला. थरथरत होता. थरथरू दे म्हटलं.

सर हिमाचलला पोचून परत यायच्या आतच एका सकाळी फोन वाजला. बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी उचलला. वरूडचा एक संत्र्याचा व्यापारी होता. त्याच्याकडेही तशीच गाडी, तसाच बंद टीव्ही. नंबर सरांनी दिला होता.

"त्या ताई आहेत काय?" तो म्हणाला. "कागद कापून टीव्ही बसवते त्या?"

माझ्या तीस वर्षांच्या दुकानाचं त्याने नावही काढलं नाही. एका क्षणात राग नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, आणि तिथून कसा कोण जाणे, हसू होऊन बाहेर पडला.

"हाये ना," मी म्हटलं. "पण ते एकटी येत नाही. तिच्यासंगं तिचा मेकॅनिक येते."

फोन ठेवला. बायकोने टाचण्या काढून विचारलं, "कोण होतं?"

"वरूडहून होता," मी म्हटलं. "आपल्याले काम आलं."