सगुणाबाईंची निळी फुलपाखरं

तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका वस्तीवरची अंगणवाडी सगुणाबाईंनी उभा जन्म चालवली. वस्तीवरचे आजचे बाप्ये आणि बाया त्यांच्याच हातची खिचडी खाऊन मोठे झालेले. पण 'आदर्श अंगणवाडी'चा फलक मात्र दरवर्षी शेजारच्या गावाला जायचा. यंदा बाई निवृत्त होणार होत्या. फलक न मिळता घरी बसायचं, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. "आत्या, पत्र्याचा तुकडा त्यो! आपल्या गोठ्यावं काय कमी पत्रं हायेत?" सून म्हणायची. सुनेला काय कळतंय, असं बाईंचं मत होतं.

अशात मोबाइलवर वरच्या कार्यालयाचं फर्मान आलं. मुलांकडून उष्णकटिबंधीय फुलपाखरू करून घ्या, फलक ठरवणाऱ्या मॅडम पाहायला येणार. सोबत झगझगीत निळ्या पंखांचं एक चित्र. आपली वस्तीही उष्ण कटिबंधातच येते, हे ना पाठवणाऱ्याच्या ध्यानात आलं, ना बाईंच्या. दोघांनाही ते फुलपाखरू कुठल्या तरी लांबच्या देशातलंच वाटलं.

निळा कागद काही मिळेना. वस्तीवरच्या दुकानात लाल होता, हिरवा होता, आणि तळेगावचा बाजार अजून लांब. तेवढ्यात ओट्यावर बाईंना चिकट सापळ्यांचं पाकीट दिसलं. पोरानं, सुदर्शननं, वांग्यात लावायला आणलेलं. प्लास्टिकचे निळे पत्रे, दोन्ही अंगांना गोंद, त्यावर पातळ पारदर्शक कागद. कागद सोलून रानात टांगायचे. किडे रंगाला भुलून येतात आणि चिकटून मरतात. रंग अगदी मोबाइलमधला! "वरचा कागद तेवढा सोलायचा न्हाई, झालं," बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि मनातल्या मनात फलक भिंतीला ठोकूनही मोकळ्या झाल्या.

मुलांनी मनापासून काम केलं. बाईंनी पंख कापून दिले, मुलांनी त्यावर टिकल्या लावल्या, धडाच्या जागी गवारीची शेंग बांधली. खिडक्यांत फुलपाखरं डोलू लागली. बाई खिचडी बघायला वळल्या आणि तिथंच घात झाला. पोरं तरकारी पिकवणाऱ्यांची. कागद न सोलता सापळा टांगणं म्हणजे शुद्ध वेंधळेपणा, हे त्यांना बोबडं बोलत होती तेव्हापासून ठाऊक. चिमुरड्या प्रगतीनं पुढाकार घेतला आणि सगळ्यांनी मिळून एकूण एक पंख सोलला. टिकल्या गेल्या, गोंद राहिला.

"बाई, तुमी कागूद काढायचं इसरला व्हता. आमी काढला," प्रगतीनं वर ऐकवलं.

दोरे सोडवायला बाई धावल्या, तोच दारात गाडी थांबली. तोवर पंखांवर माश्या, चिलटं, डास दाटीवाटीनं बसलेले. मॅडमनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा खिचडीच्या पातेल्याकडे.

"जेवणावर एक माशी नाही! फुलपाखरू ते फुलपाखरू आणि स्वच्छता ती स्वच्छता! कल्पना कुणाची?"

खरं सांगायलाच बाईंनी तोंड उघडलं होतं, पण बाहेर पडलं ते, "माझीच की, मॅडम."

मॅडमनी तिथल्या तिथं फलक जाहीर केला. उपक्रमाला नावही दिलं, 'फुलपाखरांशी मैत्री', आणि फोटोसाठी सगळ्यांना खिडकीपाशी उभं केलं.

"बाई, खरं लागलं, खरं!" प्रगती आनंदानं ओरडली.

बाहेरून आलेलं एक पिवळं फुलपाखरू निळ्या पंखाला चिकटून तडफडत होतं. पोरांनी टाळ्या पिटल्या. सापळ्याला काहीतरी लागलं की घरी बाप खूश होतो, हे पोरं रोज बघत होती. बाईंनी हलक्या हातानं ते सोडवलं. फुलपाखरू मुठीत आलं, पण त्याचा एक पंख गोंदालाच राहिला.

"बाई, आता ह्ये कसं उडल?" प्रगतीनं विचारलं.

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो फलक त्या क्षणी त्यांना नकोसा झाला. हे मॅडमना सांगावं, असंही वाटलं.

"सगुणाबाई, इकडे बघा. हसा जरा," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी मूठ पदराआड घेतली आणि त्या हसल्या.