पडद्यावर कुणाला आडनाव नव्हतं

सत्तर सालानंतरची ती वर्षं. टायपिंगच्या क्लासमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर तो बसायचा. त्याचे वडील हातमागावर लुगडी विणत. त्याला मात्र सरकारी नोकरी हवी होती, आणि मलाही. आमच्या घरी छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर ना देव राहिले होते, ना पत्रिका.

एका रविवारी क्लासमधले आम्ही पाच जण नागपूरच्या बाजारात, बर्डीवर, मॅटिनीला गेलो. सिनेमातल्या दोघांची गाठ जन्माआधीच बांधलेली होती. गाडी चुकली तरी ते भेटत, शहर बदललं तरी भेटत. नायिका गोरीपान, बंगल्यात राहणारी. माझ्या रंगाची बाई अख्ख्या सिनेमात एकच होती, नायिकेच्या घरी भांडी घासणारी. तिला एक वाक्य होतं. तरी शेवटी मी रडले.

बाहेर आल्यावर बाकीचे पुढे गेले. तो सायकल हातात धरून माझ्यासोबत चालत राहिला.

"काहून रडली वं?"

"असंच."

तो म्हणाला, "त्या दोघांले शेवटपर्यंत कोणी आडनाव नाही विचारलं."

"विचारलं असतं तर सिनेमा मध्यंतरातच संपला असता," मी म्हटलं.

तो हसला नाही. "मी घरी बोलून पाहतो," म्हणाला. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

आठवड्यानं तो क्लासमध्ये आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "दोन दिवस झाले, माय जेवून नाही राहिली. बहिणीचं लग्न व्हायचं आहे म्हणते." मग हळूच म्हणाला, "तू हो म्हण, मी घर सोडतो."

मीही घरी सांगितलं होतं. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिथं तुले मान भेटन का?" तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. आणि कुणाच्या आईला उपाशी ठेवून संसार मांडायची माझी हिंमत झाली नाही. मी नाही म्हटलं.

मैत्रिणी म्हणाल्या, नशिबात नव्हतं. मला ते कधी पटलं नाही. नाही म्हणणारी माणसं मला ठाऊक होती, आणि त्यांत मी होते.

त्याला उमरेडला नोकरी लागली, मला नागपुरातच. पुढे माझं लग्न झालं, माणूस चांगला मिळाला. पण बर्डीवरून जाताना सायकलची घंटी वाजली की कितीतरी वर्षं मी वळून पाहायची.

दहाएक वर्षांनी रामदासपेठेत एका दवाखान्याबाहेर तो दिसला. आईला हात धरून रिक्षात बसवत होता. मला पाहून थबकला. म्हातारीनं विचारलं, "कोण होय वं तू?"

"क्लासमध्ये सोबत होतो आम्ही, माय."

तिनं माझा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत आणि गरम होता. "मग घरी काहून नाही आली कधी?"

तो खाली पाहत होता. "येईन," मी म्हटलं. रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभी होते.